पोळी बंद म्हणजे काय काय बंद? सिलिॲक, गहू आणि आपलं वऱ्हाडी जेवण

पळसफूल (यवतमाळ जिल्हा)

मंडळी, आरोग्य विभागातले जुने धागे धुंडाळले. 'ग्लुटेन-फ्री खा, वजन घटवा' याच्या पलीकडे काही सापडलं नाही, म्हणून नवा धागा काढतोय.

माझी भाची चौथीत आहे. दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं गाव, कोरडवाहू शेती. पोरीची उंची बरेच दिवस जागेवरच होती. हातपाय काड्या, पोट पुढं, तोंड सारखं आलेलं आणि हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना. आपल्याकडं असं लेकरू दिसलं की ठरलेला क्रम असतो: जंताची गोळी, मग लोहाचं औषध, मग सिकलसेलची तपासणी. सिकलसेल निघाला नाही. लोहाचं औषध बदलून बदलून दिलं, संडास काळी व्हायची, रक्त मात्र वाढायचं नाही. एका दवाखान्यात तर 'मुलीचे लाड कमी करा, आपोआप जेवेल' असं बहिणीलाच ऐकवलं. पोरगी बारीक म्हणून शेजारीपाजारी सांगतील ते सुरू होतं: दुधात माल्टची पावडर आणि वर ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पावडरीत जव, बिस्किटात मैदा.

शेवटी सेवाग्रामला दाखवलं. तिथं टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी झाली, आकडा मर्यादेच्या कितीतरी पट आला. मग दुर्बीण घालून लहान आतड्याचे तुकडे काढले आणि निदान पक्कं झालं. सिलिॲक. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतडं खराब होतं, असा आजार. गहू, जव, राय (गव्हासारखं परदेशी धान्य, मोहरी नव्हे) जन्मभर बंद.

बहिणीची सासू विचारते, "गहू देवाच्या निवदाले चालते, अन् पोट्टीले काहून नाही?" तिला पटेल असं उत्तर माझ्याकडं नाही. ही ॲलर्जी आहे का? मोठी झाल्यावर जाते का? सणासुदीला एखादी पोळी चालेल का? आणि गावात चक्की एकच आहे, तिचं काय करायचं? इलाज डॉक्टर सांगतील तोच करणार, पण ओपीडीच्या रांगेत उभ्या उभ्या सगळं समजून घेता येत नाही. जाणकारांनी लिहावं.

---

अंजनगावची_सून

भाऊ, वाईट वाटलं वाचून, पण एक सांगते. हा आजार व्हायचाच होता तर विदर्भातल्या घरात निघाला हे बरं. पंजाबातल्या बाईला सांगा गहू बंद, तिला रडू येईल. आपल्याकडं ज्वारीची भाकर, चून, वांग्याचं भरीत, तुरीचं वरण, भात, कढी-गोळे, वडा-भात, पाटोडीचा रस्सा, मुंगोडे. यात गहू आहे कुठं? उकडपेंडीसुद्धा ज्वारीच्या पिठाची होते आणि मला तर तीच जास्त आवडते. महालक्ष्मीच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असतेच, तेव्हा देवाचं म्हणाल तर देवाला ज्वारीही चालते. सासूबाईंना हे सांगून बघा, शास्त्राच्या आधी हेच पटेल.

---

तात्या_अकोट

मले हे काही समजत नाही बा. आमच्या बापाजाद्यानं गहू खाल्ला, कोनाले काही झालं नाही. आताच हे नवे नवे रोग कुठून येऊन रायले? हायब्रीड गहू अन् युरियाचा परिणाम होय हा, दुसरं काही नाही. खपली गहू द्या पोरीले, पाहा ठीक होते का नाही.

---

लॅबवाला_वर्धा

तात्या, तुमच्या खपलीवर येतोच, आधी पळसफूल यांचे प्रश्न. मी डॉक्टर नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलं, या तपासण्या रोज हाताखालून जातात. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

कणीक भिजवली की तिला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेनचा. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन प्रकारच्या प्रथिनांपासून ते बनतं. जवात होर्डीन, रायमध्ये सेकॅलिन, म्हणजे त्याच कुळातली मंडळी. या प्रथिनांत प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्लं इतकी ठासून भरलेली असतात की माणसाच्या पाचकरसांना ती पूर्ण तुटत नाहीत. रुग्णाच्याच नाही, तुमच्या-माझ्याही नाही. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा तर जठर, स्वादुपिंड, आतडं या सगळ्यांच्या हातून सुटून पुढे जातो, असं २००२ साली दाखवलं गेलं. बहुतेकांच्या पोटातून हे तुकडे काही गडबड न करता निघून जातात.

सिलिॲकमध्ये ते आतड्याच्या अस्तराखाली पोचतात आणि तिथं गाठ पडते टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या आपल्याच विकराशी. यालाच थोडक्यात टीटीजी म्हणतात. त्याचं एरवीचं काम प्रथिनं एकमेकांना सांधण्याचं, जखम भरून येताना ते कामी येतं. इथं ते ग्लुटेनच्या तुकड्यातल्या काही ग्लुटामीनचं ग्लुटामेट करून टाकतं. बदल एवढासाच, पण त्यामुळे तुकड्यावर ऋण भार येतो, आणि ज्यांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे रेणू आहेत त्यांच्यात तो त्या रेणूच्या खाचेत घट्ट बसतो. या रेणूंचं काम म्हणजे सापडलेला तुकडा टी पेशींपुढे, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पांढऱ्या पेशींपुढे धरणं. टी पेशी तो बघतात, घुसखोर ठरवतात आणि इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडतात. मग अस्तरातल्या मारेकरी पेशी चेकाळतात आणि आतड्याच्याच पेशी मारत सुटतात.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अन्न शोषणारे बारीक, दाट उंचवटे असतात. मार चालू राहिला की ते झिजत झिजत सपाट होतात. बायोप्सीच्या रिपोर्टात मार्श ३ वगैरे लिहिलेलं असतं ते याचंच मोजमाप. लोह मुख्यतः आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. तुम्ही वरून कितीही लोह ओता, आत घेणारी जागाच उरलेली नसते. भाचीचं हिमोग्लोबिन का चढत नव्हतं ते यात आलं. कॅल्शियम आणि फोलेटचीही तीच गत. दूध पचवणारं लॅक्टेज याच उंचवट्यांच्या टोकाला तयार होतं, म्हणून सुरुवातीला काही लेकरांना दूधही सोसत नाही. आतडं भरून आलं की पुन्हा सोसतं.

आता रक्ततपासणी. ती गव्हाविरुद्धची नाही, आपल्याच टीटीजीविरुद्धच्या आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांची आहे. स्वतःच्या विकराविरुद्ध शरीर प्रतिपिंडं कशाला बनवेल? टीटीजी आणि ग्लुटेन एकमेकांना चिकटलेले असतात. टीटीजी ओळखणारी बी पेशी (प्रतिपिंडं बनवणारी पेशी) ही जोडी गिळते, आतला ग्लुटेनचा तुकडा टी पेशीला दाखवते आणि टी पेशी तिला हिरवा कंदील देते. गहू बंद झाला की हा कंदील विझतो. म्हणून पथ्य नीट पाळलं की काही महिन्यांत टीटीजीचा आकडा उतरायला लागतो. डॉक्टर तो परत परत का करायला लावतात हे आता लक्षात येईल.

आजीबाईंसाठी: रानडुकरांसाठी शेताला सोडलेल्या करंटच्या तारेत घरचाच बैल सापडावा, तसं झालंय. गहू वाईट नाही, पोरगी वाईट नाही, तार चुकीच्या ठिकाणी जिवंत झाली.

ॲलर्जी म्हणाल तर नाही. गव्हाची ॲलर्जी वेगळी असते. तिच्यात आयजीई प्रतिपिंडं, खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठ सुजणं, दम. ती काही मुलांची मोठेपणी जाते. सिलिॲक जात नाही, कारण ग्लुटेन ओळखणाऱ्या स्मृती टी पेशी वर्षानुवर्षं शरीरात टिकून राहतात. आणखी एक गट आहे, ज्यांना गव्हाने पोट फुगतं पण टीटीजी आणि बायोप्सी दोन्ही ठीक येतात. त्यांचं प्रकरण निराळं.

---

अंजनगावची_सून

लॅबवाले, तो डीक्यू-२ म्हणजे जनुकच ना? मग तपासून आधीच कळू शकेल.

---

लॅबवाला_वर्धा

कळेल पण उपयोग अर्धाच. जवळपास सगळ्या सिलिॲक रुग्णांत डीक्यू२ किंवा डीक्यू८ असतो, पण निरोगी लोकांतही तिघांतल्या एकाकडे असतोच, आणि त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. म्हणजे जनुक नसेल तर सिलिॲक जवळजवळ नाहीच म्हणता येतं. असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

तात्या, तुमच्यासाठी. २०१६ साली उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या २३ हजारांवर प्रौढांची पाहणी प्रसिद्ध झाली. सिलिॲकचं प्रमाण उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत फक्त ०.१०. जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच. गहू मात्र उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७, दक्षिणेत २५. दक्षिण-उत्तर पाहिलं तर वाटतं गव्हाच्या मापात सगळं उत्तर आहे. पण ईशान्येचा आकडा बघा, गहू दक्षिणेइतकाच आणि रोग उत्तरेच्या जवळ. नुसत्या मापाने हिशेब लागत नाही.

आणि बापजाद्यांचं म्हणाल तर त्यांनी रोज गहू खाल्ला का, हे अकोटातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. रोजची ज्वारी, पोळी सणाला नाहीतर पाहुणा आला तर. ज्वारीच्या वावरात सोयाबीन आलं, उरलीसुरली ज्वारी पाखरांनी अन् डुकरांनी खाल्ली, रेशनवर गहू मिळायला लागला आणि डब्यात पोळी आली. आजार नवा नाही, सॅम्युअल जी या इंग्रज डॉक्टरने १८८८ मध्येच लिहून ठेवलाय. तेव्हा ना हायब्रीड होतं ना युरिया.

खपलीत ग्लुटेन आहे. बन्सीत आहे, शरबतीत आहे, सेंद्रिय गव्हातही आहे. कमी-जास्त असेल, पण या पोरीला यातला एकही चालणार नाही.

---

तात्या_अकोट

ज्वारीचं बरोबर हाय. आमची माय गव्हाची पोळी पाहुन्याच्या ताटातच वाढे. पन मंग खपलीवाले व्हाट्सॲपवर 'शुगर-पोट सगळं बरं' म्हनून विकून रायले ते?

---

लॅबवाला_वर्धा

विकू द्या. शुगरवाल्यांनी काय खायचं हा वेगळा धागा होईल.

---

शंकरपट

इतिहासाचा विषय निघाला म्हणून. गव्हाचा संबंध पक्का लावला विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला संशय १९३० च्या दशकातच आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, आणि इकडे सगळा देश उपाशी असताना या रोगाच्या मुलांचं मात्र बिघडलं नाही, उलट सुधारत गेलं. ब्रेड परतला तशी दुखणीही परतली. त्याचा प्रबंध १९५० चा. त्याआधी अमेरिकेत या लेकरांना केळ्यांवर ठेवत असत. केळ्यात ग्लुटेन नसल्याने मुलं सुधारायची आणि श्रेय केळ्याला जायचं!

---

निंबोणी (अमरावती जिल्हा)

धागा आत्ता बघितला. मी स्वतः सिलिॲकची रुग्ण आहे आणि मला कधी जुलाब झालेले नाहीत, हे मुद्दाम सांगते, कारण सगळे 'पोट बिघडतं का?' एवढंच विचारतात. मला कायमचा थकवा, कमी रक्त, दोनदा गर्भ राहून गेला, कंबर दुखायची. हाडांची घनता तपासली तर म्हातारीची निघाली. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी टीटीजी सांगितलं. काही जणांना तर कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड एवढंच लक्षण असतं आणि ते चामडीच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात.

पळसफूल, 'काय खायचं' हा प्रश्न अंजनगावच्या ताईंनी सोडवला. खरा त्रास वेगळाच आहे, तो सांगते.

हिंग. घरातली डबी घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. आपण वापरतो तो शुद्ध हिंग नसतो, बांधानी असतो. डिंक, मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि त्यात थोडा हिंग. माझ्या डबीवर दुसऱ्याच नंबरला 'गव्हाचं पीठ' होतं. रोजच्या वरणाच्या फोडणीत मी गहू घालत होते आणि पोळी सोडून वर उपाशी बसत होते! तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, अमरावतीला मोठ्या किराण्यात विचारा.

मग भांडी. पोळ्या भाजलेल्या तव्याच्या कडेला करपलेली पिठी धरून असते, त्याच तव्यावर भाकर टाकली की ती तिला लागते. चाळणी वेगळी हवी, ती कितीही धुतली तरी जाळीत पीठ राहतं. लाकडी काथवट असेल तर पोरीची निराळी, लाकूड पीठ पितं. मी माझ्या भांड्यांना लाल दोरा बांधलाय, घरात पाहुण्या बायका आल्या की कोणी विचारत बसत नाही.

बाहेरचं: पोहे चालतात, तर्री मात्र हिंग विचारून. आलुबोंड्याचं आवरण बेसनाचं, पण कढईत आधी समोसे तळलेले असतात. सांबारवडीच्या पारीत बहुतेक ठिकाणी मैदा असतो. मंचुरियनमध्ये मैदा आणि सोया सॉसमध्ये गहू. उन्हाळ्यातली वाळवणं: शेवया, सरगुंडे, कुरडया तिन्ही गव्हाची. कुरडई म्हणजे 'नुसता चीक, त्यात काय' असं माझी नणंद म्हणते, पण गहू भिजवून, वाटून काढलेला तो चीक, ग्लुटेन त्यात राहतंच. ज्वारीचे पापड, साबुदाण्याच्या चकल्या, तांदळाच्या कुरडया करा. उपासाचं बहुतेक सगळं चालतं, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. एकादशीला मी घरात सगळ्यात सुखी असते.

सत्यनारायणाचा शिरा हात जोडून डोक्याला लावते आणि नवऱ्याच्या हातावर ठेवते. पहिल्या वर्षी बायका बघायच्या. आता भटजीच केळं पुढं करतात.

---

पळसफूल

निंबोणी ताई, हिंगाचं वाचून बहिणीला लगेच फोन केला. डबी बघितली, मैदाच निघाला. हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आता चक्कीचं कोणी सांगा. ज्वारी घरची आहे, दळायचा प्रश्न आहे.

---

चक्कीवाला

नमस्कार. मी वाचतो सगळं, लिहत नाही. पन चक्कीचा विषय निघाला म्हनून लिहतो. पुसद तालुक्यात माही पिठाची चक्की हाय, बापाच्या टायमापासून.

कोनी सांगते 'आधी ज्वारी दळून घ्या मंग गहू', कोनी सांगते 'चक्की फुंकून घ्या'. त्यानं काही होत नाही. मी आतून सांगतो. दगडाच्या भवताल जे लोखंडी खोकं असते त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पीठ बसलेलं राह्यते. दगडाले टाकी लावलेली असते, त्या खाचीत पीठ दबून बसते. अन् खाली जे कापडी नळकांडं बांधलेलं असते, त्याच्या आतून तर बोटभर थर. एका गिऱ्हाइकाचं पीठ कमी भरते अन् दुसऱ्याचं जास्त, ते काहून? पह्यल्याचं आत राह्यलेलं दुसऱ्याच्या डब्यात जाते. भांडनं होतात त्याच्यावर रोज. पावशेराच्या आतबाहेर तरी राह्यतच असंल. वरतून चक्कीत हवेत पीठ उडते ते वेगळं.

म्हनून माह्या मते पोरीचं दळन गावच्या चक्कीवर टाकू नका. माहंच नुकसान सांगून रायलो, पन खरं ते खरं.

---

लॅबवाला_वर्धा

चक्कीवाले भाऊ, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकलं नसतं. यावर हिशेब मांडतो.

पावशेर नको, १०० ग्रॅमच धरू. १० किलो ज्वारीत १०० ग्रॅम कणीक मिसळली तर शेकडा १ झाली. कणकेत ग्लुटेन ढोबळमानाने शेकडा ८. म्हणजे एक किलो ज्वारीच्या पिठात ८०० मिलिग्रॅम ग्लुटेन. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर आपल्या एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. चाळीस पट.

ताटातलं बघू. पोरीच्या दोन भाकरींना १५० ग्रॅम पीठ लागलं तर पोटात १२० मिलिग्रॅम ग्लुटेन. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने गेलं तरी आतड्याला इजा होते, असं प्रयोगात दिसलंय. १० मिलिग्रॅमच्या आत बहुतेकांना निभतं. ५० मिलिग्रॅम म्हणजे कणीक अर्ध्या ग्रॅमच्या थोडी वर, चिमटीत मावेल एवढी. 'सणाला एक पोळी' या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: एका पोळीत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन सहज असतं. त्या दिवशी पोट दुखलं नाही तरी आत टी पेशी जाग्या होतात, आणि दुखलं नाही म्हणून पुढच्या सणाला दोन दिल्या जातात.

---

धानाची_लोंबी (गोंदिया)

आमच्याकडं भातच असल्यामुळे दळणाचा एवढा प्रश्न येत नाही, पण माझ्या मावशीकडे हा रुग्ण आहे. त्यांनी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालत नाहीत. पैसे एकदाच जातात. परवडत नसेल तर जातं. गावात एखाद्या घरी माळ्यावर पडलेलं असतंच, टाकी लावून घ्या, दोन दिवसांच्या भाकरीपुरतं हातानं दळून होतं. आणि ज्वारी दळायच्या आधी निवडून घ्या. खळ्यावर, पोत्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असतात.

शाळेचं: पोषण आहारात तांदळाची खिचडी असते ते बरं आहे, पण कुठं कुठं बिस्किटं किंवा लाडू वाटतात. बाईंना एक चिठ्ठी लिहून द्या. अंगणवाडीच्या पाकिटांचा साहित्याचा रकाना वाचल्याशिवाय घरी उघडू नका.

---

कोरडवाहू

प्रश्न जरा वेगळा. मले पोट फुगायचा त्रास. युट्यूब पाहून चार महिने झाले गहू सोडला, बरं वाटून रायलं. आता हा धागा वाचून टीटीजी करून घ्यावं म्हणतो. करू?

---

लॅबवाला_वर्धा

आत्ता केलीत तर पैसे पाण्यात. मघाशी लिहिलं ना, गहू बंद झाला की प्रतिपिंडं उतरतात. चार महिने गहू नाही म्हणजे आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि बायोप्सीतही आतडं भरून आलेलं दिसू शकतं. मग तुम्हाला सिलिॲक आहे की नाही हे कोणीच सांगू शकणार नाही. डॉक्टरांना विचारून काही आठवडे रोज गहू खाऊन मग तपासणी करावी लागेल, आणि खरंच सिलिॲक असेल तर ते आठवडे जड जातात.

हे ठळक अक्षरात लिहायला हवं खरं तर: तपासणी आधी, पोळी बंद नंतर. निदान नसेल तर माणूस पथ्य सैल सोडतो, 'मला फक्त सोसत नाही' म्हणत लग्नात दोन जिलब्या खातो. निदान असेल तर हाडं, रक्त, थायरॉइड सगळ्यावर लक्ष ठेवता येतं. खूप उशिरापर्यंत आजार धुमसत राहिला तर क्वचित आतड्याचा लिम्फोमाही (एक प्रकारचा कर्करोग) होतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही, दुर्मिळ आहे, पण आहे.

टीटीजीबरोबर एकूण आयजीएही करायला सांगा. सिलिॲकवाल्यांत शंभरातल्या दोन-तीन जणांत आयजीए मुळातच नसतं. मग टीटीजी-आयजीए खोटं निगेटिव्ह येतं आणि रुग्ण घरी जातो.

---

तात्या_अकोट

एक विचारू का? बिअर जवाची असते म्हने. मंग मोठ्या मानसाले हा रोग असला तर?

---

शंकरपट

तात्या, साधी बिअर बंद.

---

तात्या_अकोट

अन् मोहाची?

---

लॅबवाला_वर्धा

मोहफुलात ग्लुटेन नाही. बाकी मी वर्धा जिल्ह्यात राहतो, इथं दारूबंदी आहे, त्यामुळे अनुभवाचं काही सांगू शकत नाही.

---

निंबोणी

😀 धाग्याचं गांभीर्य टिकवा हो.

पळसफूल, अजून एक. पोरगी मोठी होईल तशी 'लग्न कसं जमेल' हे सुरू होईल. माझ्या सासरी आधी कळलं असतं तर नाही म्हणाले असते, हे मला माहीत आहे. पण पथ्य पाळल्यावर मला पुढे व्यवस्थित मूल झालं, आता चांगली कामं करते. लपवू नका. लपवलेलं पथ्य पाळता येत नाही, पंगतीत चारचौघांसमोर 'मला पोळी नको' म्हणावंच लागतं. पोरीला आत्तापासून स्वतः बोलायला शिकवा. मामाने किंवा आईने दर वेळी बोलू नये.

---

अंजनगावची_सून

पोरीच्या पुरणपोळीचं मी सांगते. पोळ्याला सगळी लेकरं पुरणपोळी खातात, हिचं तोंड उतरायला नको. तांदळाच्या पिठाची उकड काढा, मळताना तुपाचा हात लावा. केळीच्या पानावर थापा, पारी जाड ठेवा, पुरण घट्ट शिजवा. लाटायला जाऊ नका, फाटते. गव्हासारखी पदर सुटणारी होणार नाही, पण गरम असताना तूप घातलं की मुलं हीच मागतात, माझ्या घरचा अनुभव. चण्याची डाळ चक्कीवर भरडू नका, पुरण घरच्या पाट्यावर नाहीतर पुरणयंत्रात काढा.

---

पळसफूल

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: धानाची_लोंबी म्हणतात तशी घरघंटी सोयाबीन निघाल्यावर, तोपर्यंत शेजारच्या आजीचं जातं. हिंगाची डबी बदलली. पथ्याला महिना व्हायचाय, पण तोंड येणं थांबलंय आणि पोरगी स्वतःहून दुसरी भाकर मागते. सासूबाईंना आंबीलीचं आणि करंटच्या तारेचं दोन्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग तार काढून टाका ना." आता यावर काय बोलणार!

शेवटचं एक. भाचीचा धाकटा भाऊ पहिलीत आहे. एकदम धडधाकट, काही लक्षण नाही. डॉक्टरांनी त्याचं आणि आई-बाबांचंही टीटीजी सांगितलंय. भावजी म्हणतात, हजार-दीड हजाराला एकेक तपासणी, ज्याला काही होत नाही त्याची कशाला?

---

लॅबवाला_वर्धा

करा. सख्ख्या नात्यात धोका साधारण दहात एक असतो आणि पुष्कळांना लक्षणं नसतात. आतडं आतून झिजत असतं आणि वरून मूल खेळत असतं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात खाजगीपेक्षा कमी पैसे लागतात. घरात आता सगळेच भाकर खायला लागले असतील, तर धाकट्याचं आणि आई-बाबांचं रक्त द्यायच्या आधी त्यांची पोळी बंद करू नका. आणि मुलाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी फाईल फेकू नका. जनुक असेल तर आजार पुढे कधीही सुरू होऊ शकतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी परत करायचं. त्याचा एचएलए एकदा करून डीक्यू२-डीक्यू८ दोन्ही नाहीत असं निघालं, तर मात्र त्याला परत सुई टोचायची गरज नाही.